पाचशे मीटर आणि गाडीची किल्ली

२०१७ सालच्या १ एप्रिलला, शनिवारी, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेची दारूची दुकाने उघडली नाहीत. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर अशी एकेक गावे घेत कशेडी घाट चढणाऱ्या या रस्त्यावर परमिट रूम, बिअर बार, वाईन शॉप आणि देशीचे दुकान वर्षानुवर्षे हॉटेल-ढाब्यांच्या रांगेत बसलेले होते. त्या सकाळी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांची शटर खालीच राहिली. महामार्गाच्या बाहेरच्या कडेपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही, असा तो आदेश होता. वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावांपुरते हे अंतर दोनशे वीस मीटर करण्यात आले होते, आणि ही सवलत आदल्याच दिवशी, ३१ मार्चला, जाहीर झाली होती.

महाड आणि पोलादपूर हे शेजारचे तालुके आणि रस्ता एकच, पण आदेश दोन्हीकडे सारखा पडला नाही. महाडची वस्ती वीस हजारांच्या वर, म्हणून तिथे पाचशे मीटर. मात्र महाडची जुनी बाजारपेठ महामार्गापासून आत आहे. पोलादपूर लहान गाव, म्हणून तिथे दोनशे वीस. पण पोलादपूरचा सारा व्यवहार महामार्गाला चिकटून. मुंबईहून येणारी गाडी इथे थांबते, चहा पिते आणि मग दोनपैकी एक घाट धरते: सरळ गेले तर कशेडी चढून खेडकडे, डावीकडे वळले तर आंबेनळी घाटातून प्रतापगड आणि महाबळेश्वरकडे. आंबेनळीत २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली, तेव्हा ३० जण गेले आणि एकच वाचला. ती दुर्घटना दिवसाची होती. ज्या घाटात दिवसाउजेडीही एवढी हानी होऊ शकते, त्याच्या तोंडाशी रात्री अकरा वाजता कोण कोणत्या अवस्थेत स्टिअरिंगवर बसतो, हा प्रश्न पोलादपूरच्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

न्यायालयाचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगतो. पण कुलूप दुकानाला लागले आणि गाडी मोकळी राहिली. आपल्या राज्याने गेल्या पाऊणशे वर्षांत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला कसे पकडले, कसे मोजले आणि कसे सोडून दिले, याचा माग काढला तर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

माग काढायचा तर दारूबंदीपर्यंत मागे जावे लागते. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री होते. एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. महाड-पोलादपूर तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. रायगड हे नाव जिल्ह्याला पुढे १९८१ मध्ये मिळाले. या कायद्याला फ्राम नसरवानजी बलसारा यांनी आव्हान दिले आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा बहुतांशी टिकला. पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने वापरण्यावर घातलेली बंदी मात्र न्यायालयाने रद्द केली.

त्यानंतर चारच दिवसांनी, २९ मेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास, मुंबई शहरात कुलाबा बस स्टँडच्या दिशेने निघालेल्या एका जीपने तीन माणसांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम खुर्शेद पेसिकाका. त्यांचा हुद्दा होता मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. शहरातल्या वाहनांवर नियम चालवणाऱ्या कार्यालयाचा प्रमुखच आरोपी झाला.

पोलिसांनी त्यांना रुग्णालयात नेले. तोंडाला दारूचा वास येत होता, डोळे लाल होते, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या होत्या. पण बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेत चालून दाखवता येत होते. डॉक्टरांचे मत पडले की अल्कोहोल कोणत्या तरी रूपात पोटात गेले आहे, पण त्याचा अंमल दिसत नाही. आरोपीचा बचाव साधा होता: आपण अल्कोहोल असलेले टॉनिक घेतले होते. दंडाधिकाऱ्यांनी सोडले, उच्च न्यायालयाने एक महिन्याची सक्तमजुरी दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पोटातले अल्कोहोल दारूचे होते, औषधाचे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि सरकारने ते सिद्ध केलेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

घटनात्मक कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात. रद्द ठरलेल्या तरतुदीचे पुढे काय होते, या मुद्द्यासाठी. मला त्यातली वेगळी गोष्ट खटकते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो वाद गेला तो बाटलीतल्या द्रवाचा होता. रस्त्यावर पडलेली तीन माणसे त्या वादात राहिली नाहीत. कायद्याला पिणारा दिसत होता, चालवणारा दिसत नव्हता.

त्या निकालाने उघडी पडलेली फट राज्याने १९५९ च्या दुरुस्तीने बुजवली. संशयिताला डॉक्टरांकडे न्यायचे, रक्ताचा नमुना काढायचा, तो रासायनिक विश्लेषकाकडे पाठवायचा, रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक अल्कोहोल निघाले तर ते औषधातून आले हे दाखवण्याचा भार आरोपीवर. चालून दाखव, बोलून दाखव, वास घेऊ दे, या अंदाजाच्या परीक्षांच्या जागी प्रथमच एक आकडा आला. तो दारूबंदीसाठी आणलेला होता, रस्त्यासाठी नव्हे. तरीही माणसाची शुद्ध मोजता येते आणि त्या मोजमापावर कायदा उभा करता येतो, हे या राज्याने तेव्हा मान्य केले.

मोटार कायदा मात्र बराच मागे होता. १९३९ च्या कायद्याचे ११७ वे कलम एवढेच विचारत असे की, दारूच्या अमलामुळे चालकाला वाहनावर योग्य ताबा ठेवता येत नव्हता का? म्हणजे पुन्हा अंदाज, पुन्हा साक्षीदार. १९८८ चा नवा कायदा आला तेव्हा एकदम दुसरे टोक गाठले गेले. कलम १८५ च्या मूळ मसुद्यात रक्तात कितीही थोडे अल्कोहोल सापडले तरी तो गुन्हा होता. हे चालवणे अवघड आहे हे लवकरच कळले आणि १९९४ च्या दुरुस्तीने आज आपल्या परिचयाची मर्यादा आणली: शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, आणि तेही श्वास तपासणाऱ्या यंत्राने मोजलेले. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलिसांतले रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये ब्रेथलायझर बनवला होता. श्वासावर मोजलेली मर्यादा आपल्या कायद्यात यायला चाळीस वर्षे लागली. पण उशिरा का होईना, मर्यादा चांगली कडक आली. १९६७ मध्ये ब्रिटनने जी मर्यादा घातली ती ऐंशी मिलिग्रॅमची, आणि इंग्लंडमध्ये पुढची कित्येक दशके तीच चालू राहिली. कागदावर आपण त्यांच्यापेक्षा किती तरी काटेकोर ठरलो.

कागदावरचा हा काटेकोरपणा १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर उघडा पडला. एक गाडी पदपथावर चढली. तिथे झोपलेल्या मजुरांपैकी ७ जण मेले, ८ जखमी झाले. चालक अॅलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडले, म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची साधी कैद दिली आणि मुंबई हळहळली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, २००७ मध्ये शिक्षा तीन वर्षांची केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्याच २००७ साली मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी यंत्रे घेऊन रात्रीची नाकाबंदी नेटाने सुरू केली. ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत तेव्हापासून रुळले. ३१ डिसेंबरच्या रात्री नाक्यावर फुंकायला लावणारा हवालदार हळूहळू तालुक्याच्या गावीही ओळखीचा झाला.

पण महाडच्या आणि मुंबईच्या नाकाबंदीत एक मूलभूत फरक आहे. शहरात रस्त्यांचे जाळे असले तरी पोलिसांचे मनुष्यबळही असते. इथे एक महामार्ग, त्याला दोन्हीकडून येऊन मिळणारे वाड्यावस्त्यांचे रस्ते आणि दोन घाट. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या रात्रभर उतरत असतात, महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे टँकर येत-जात असतात. या सगळ्यांसमोर यंत्र धरायचे तर रात्र पुरणार नाही. नाका पकडतो तो एखाद्या तासात तिथून गेलेल्याला.

आता २०१७ च्या त्या बंद शटरांकडे येऊ. त्यामागे दोन माणसांचा पाठपुरावा होता. एक चंदीगडचे हरमन सिद्धू. १९९६ च्या मोटार अपघातात मणक्याला इजा होऊन ते चाकाच्या खुर्चीवर आले आणि नंतर ‘अराइव्ह सेफ’ ही संस्था काढून रस्ता सुरक्षेच्या कामाला लागले. दुसरे तमिळनाडूचे वकील के. बालू. दोघांची न्यायालयीन लढाई वेगवेगळ्या राज्यांत सुरू झाली आणि १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात एकत्र आली. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एल. नागेश्वर राव यांच्या खंडपीठाने देशातल्या राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेने दारूविक्रीचे परवाने देणे थांबवा, चालू परवाने ३१ मार्च २०१७ नंतर चालणार नाहीत, आणि महामार्गावर दारूच्या दुकानाच्या पाट्या व जाहिरातीही नकोत, असे सांगितले. २०१५ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,४६,१३३ माणसे मेली होती. त्यांपैकी दारू किंवा अमली पदार्थांच्या नावावर सरकारी नोंदीत ६,७५५ मृत्यू होते, आणि खरा आकडा यापेक्षा मोठा असणार हे न्यायालयाने ओळखले होते. विमा बुडेल या भीतीने दारूची नोंद टाळली जाते, हे अपघाताचा पंचनामा पाहिलेल्या कोणालाही माहीत असते.

न्यायालयाने नवे काही शोधून काढले नव्हते. राष्ट्रीय रस्ता सुरक्षा परिषदेने २००४ मध्येच महामार्गावर परवाने देऊ नयेत असा ठराव केला होता. केंद्र सरकार राज्यांना पत्रे पाठवत राहिले आणि राज्ये परवाने देत राहिली, कारण दारूवरचा कर हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. तेरा वर्षांच्या या टाळाटाळीला १ एप्रिलला उत्तर मिळाले होते.

ते टिकले जेमतेम तीन-साडेतीन महिने. अनेक राज्यांनी पळवाट काढली: शहरातून जाणारा राज्य महामार्ग पालिकेकडे सोपवायचा, म्हणजे तो महामार्ग राहत नाही. महाराष्ट्रातही अशा हालचाली झाल्या. चंदीगडचे असेच प्रकरण न्यायालयात गेले आणि ११ जुलै २०१७ रोजी स्पष्टीकरण आले की महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी लागू नाही. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या हद्दीबाबत ठरवण्याची मोकळीकही राज्यांना मिळाली. महाड नगरपालिकेचे, पोलादपूर नगरपंचायतीचे. दोन्हीकडची शटर वर जायला वाट मोकळी झाली.

त्या काळात हॉटेलात काम करणाऱ्या पोरांचे पगार थांबले, परवान्याचे शुल्क आगाऊ भरलेले मालक हवालदिल झाले, हे खरे आहे आणि ते दुःख लहान नव्हते. पण ज्याच्यासाठी एवढे केले तो, पिऊन गाडी चालवणारा माणूस, या काळात कुठे गेला? त्याच्यासाठी पाचशे मीटर म्हणजे गाडीने एक मिनिटही नाही. तो आत वळला, किंवा मुंबईहून निघतानाच बाटली गाडीत घेऊन आला. दुकान हटवण्याचा उपाय गावातल्या संसारांसाठी मोलाचा असतो. महाराष्ट्रात २००८ च्या शासन आदेशाने निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद करता येते. त्यासाठी झगडलेल्या बायकांना मी मनापासून मानतो. पण तो उपाय घराचा आहे. चाकावर बसलेल्या माणसाला तो पोचत नाही.

त्याला पोचणारे कायदे कोणते? यंत्रात फुंकले, तीसच्या वर निघाले, डॉक्टरांकडे तपासणी झाली, खटला उभा राहिला, गुन्हा कबूल केला, दंड भरला. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर नेला, पुढच्या गुन्ह्याला पंधरा हजार. न्यायालय ठरावीक काळ परवाना रद्दही करू शकते. पण परवाना हा खिशातला तुकडा आहे. तो नसला तरी गाडी सुरू होते. दोषी ठरलेला माणूस त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या आवारातून आपली गाडी सोडवतो आणि पुढच्या शनिवारी रात्री पुन्हा कशेडी चढू शकतो. शिक्षा झालेली असते, गाडीला ते माहीत नसते.

ते गाडीला कळवण्याचा उपाय जगात अर्धशतकापूर्वी निघाला. अमेरिकेत बोर्ग-वॉर्नर कंपनीने १९६९ च्या सुमारास इग्निशनला जोडलेले श्वासयंत्र करून दाखवले. त्याला अल्कोहोल इंटरलॉक म्हणतात. चालकाने किल्ली फिरवण्याआधी नळीत फुंकायचे. आतल्या विद्युत-रासायनिक घटात अल्कोहोल जळून वीज निघते, तिच्यावरून प्रमाण कळते. ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर स्टार्टरला वीजच जात नाही. दुसऱ्याकडून फुंकवून घेऊन सुटता येऊ नये म्हणून गाडी चालू असतानाही मधूनमधून पुन्हा फुंकायला लावले जाते. प्रत्येक फुंक नोंदली जाते आणि ठरावीक मुदतीने यंत्र तपासणीला न्यावे लागते.

कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये दोषी चालकांवर त्याचा प्रायोगिक कायदा केला. १९८० मध्ये मुलगी गमावलेल्या कँडी लाइटनर यांनी काढलेल्या मातांच्या संघटनेने तिथले लोकमत तापवले होते. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये पहिल्याच गुन्ह्यापासून प्रत्येक दोषीला हे यंत्र सक्तीचे केले, आणि आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपात तसा कायदा आहे. स्वीडनने १९९९ मध्ये वेगळी वाट धरली: परवाना गमावायचा नसेल तर यंत्र लावा आणि डॉक्टरांकडे नियमित तपासणी करून घ्या. मला ही वाट जास्त माणुसकीची वाटते, कारण दारूचा विळखा पडलेल्या माणसाला दंडाने औषध मिळत नाही. यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा गुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटते, असे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले. यंत्र काढले की परिणाम ओसरतो, हेही त्याच अभ्यासांनी दाखवले. म्हणून नुसते यंत्र पुरत नाही, उपचार जोडीला लागतात.

हे सगळे महाड-पोलादपूरला कसे लागू व्हावे? पहिली अडचण दुचाकीची. आपल्या रस्त्यांवरची बहुसंख्य वाहने दुचाकी आहेत आणि पाऊस-चिखलात चालणाऱ्या मोटारसायकलवर हे यंत्र बसवणे आणि सांभाळणे सोपे नाही. दुसरी अडचण मालकीची: ट्रक एकाचा, चालक दुसरा. तिसरी, यंत्र तपासणारी केंद्रे तालुक्याला हवीत. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांच्यामुळे जिथे जमण्यासारखे आहे तिथेही थांबावे असे होत नाही. फ्रान्सने सप्टेंबर २०१५ पासून प्रवासी कोच गाड्यांना हे यंत्र सक्तीचे केले. तिथे चालक दोषी असण्याचीही अट नाही. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या नमुन्याच्या गाड्यांत इंटरलॉक सहज जोडता येईल अशी सोय ठेवणे बंधनकारक केले. म्हणजे तंत्र तयार आहे आणि वाहन कंपन्यांना ते माहीत आहे.

रात्री कोकणात उतरणाऱ्या खासगी आरामबस, रसायनांचे टँकर आणि दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या चालकाची मोटार: सुरुवात या तिघांपासून करता येईल. एका बसमागे चाळीसेक प्रवासी सुरक्षित होतात. एक टँकर घाटात उलटला तर सावित्री नदीच्या काठची गावे धोक्यात येतात. आणि दुसऱ्यांदा सापडलेल्याने पहिली शिक्षा आपल्याला पुरेशी नव्हती हे स्वतःच सिद्ध केलेले असते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले आणि नंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तो खटला न्यायालय पाहील. पण १९५९ मध्ये आपण ज्या रक्ताच्या आकड्यावर भिस्त ठेवली, तो आकडा अपघातानंतरच हाती येतो आणि तिथवर पोचेपर्यंत त्याला किती हात लागतात, हे त्या आरोपाने साऱ्या राज्याला दाखवले. इंटरलॉकमध्ये हा प्रश्न अपघाताआधी, गाडी जागेवर उभी असतानाच सुटतो.

मोटार वाहनांचा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. केंद्राने दुरुस्ती करावी हे उत्तम. पण केंद्र थांबले तरी महाराष्ट्राला राष्ट्रपतींच्या संमतीने स्वतःची दुरुस्ती करता येते. रायगडच्या आमदार-खासदारांनी हा विषय विधिमंडळात आणि संसदेत न्यावा, कारण त्यांचे मतदार या दोन घाटांखाली राहतात. देशाच्या मोटार कायद्यात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा येण्याआधी पस्तीस वर्षे याच राज्याने ती आपल्या कायद्यात लिहिली होती. कलम १८५ मध्ये मात्र आजही दोनच शिक्षा आहेत, कैद आणि दंड.